पाणमांजरांचा डोह आणि बाबांचं औषध

भादवा सरत आला की मी सकाळचं फिरणं पंधरा दिवस बंद ठेवते. रिसोडच्या बाहेर पडलं की दोन्ही अंगांना सोयाबीन, आणि सोयाबीनवर फवारणी चाललेली असते. तो वास नाकात शिरला की दिवसभर निघत नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारीला दमा आहे. दमा वगैरे काही नाही. तो वास आला की मी बावीस वर्षांची होते, सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून पैनगंगेकडे निघते, आणि मग घरी परत यायला मला फार वेळ लागतो.

परवा मेघनाचा फोन आला. मेघना माझ्या बहिणीची मुलगी. कोकणात समुद्रावर असते आणि डॉल्फिनांचा अभ्यास करते. विदर्भातल्या मुलीनं, जिनं दहावीपर्यंत तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तिनं डॉल्फिनांमागे लागावं याचं आमच्या घरात अजून नवल चालू आहे. ती सांगत होती, "मावशी, आम्ही बोटीवरून एक बारीक बाण सोडतो. त्याच्या टोकाला चिमूटभर कातडी येते, आणि तिच्याखालची थोडी चरबी. डॉल्फिन दचकतो आणि निघून जातो. त्या एवढ्याशा चरबीत सगळं सापडतं बघ. आपण शेतात काय काय मारलं, नदीनं काय काय वाहून आणलं, सगळं. जीव घ्यायची गरजच नाही."

"आम्ही गोणपाटावर करायचो," मी म्हटलं.

"काय? आवाज येत नाहीये."

"काही नाही गं. जेवलीस का?"

फोन ठेवला आणि बसून राहिले. तिला सांगायचं तर बरंच सांगावं लागलं असतं. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता इथपासून सुरुवात. आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. शेतात सोयाबीन नव्हतं. कपाशी, ज्वारी, मूग, उडीद. सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं. मी अकोल्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि रिसोडच्या जैनांच्या घरातली मुलगी बेडूक फाडायला अकोल्याला गेली, हा विषय गावात वर्षभर पुरला होता. खरं तर मी एकही बेडूक फाडला नव्हता. बाजूचा मुलगा फाडायचा, मी आकृती काढायचे. आकृत्या इतक्या चांगल्या यायच्या की सर काणाडोळा करायचे.

शेवटच्या वर्षी मात्र त्यांचा नाइलाज झाला. प्रबंधाचा विषय ठरला: कपाशीवरची कीटकनाशकं नदीतल्या जनावरांच्या अंगात उतरतात का. मी पाणमांजर सुचवलं. आमच्याकडच्या डोहात ती होती, मासे खाऊन जगायची, आणि माशांत जे असेल ते त्यांच्यात येणारच. सर खूश झाले. "छान. दोन-तीन मारून आण. कातडीखालची चरबी लागेल."

मी म्हटलं, "सर, मारणार नाही."

"मग चरबी काय ती स्वतः आणून देणार आहेत?"

"केस आणते. विष्ठा आणते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुलोचना, पुस्तकात जे करून ठेवलंय ते कर. दिवाळीपर्यंत नमुने आण. नाही जमलं तर विषय बदल, म्हणजेच वर्ष गेलं असं समज." वर्ष जाणं परवडणारं नव्हतं. घरी माझ्या लग्नाची बोलणी त्या पदवीपाशी येऊन थांबली होती, आणि पदवी पुढे गेली की बोलणी माझ्या अंगावर येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबांचं दुकान रिसोडच्या बाजारात होतं. बी-बियाणं, खत आणि औषध. औषध म्हणजे खोकल्याचं नव्हे. आमच्याकडे पिकावर किडे येत नाहीत, 'रोग पडतो', आणि त्यावर जे टाकतात ते 'औषध'. डबीतलं पातळ औषध, गोणीतलं पावडरीचं औषध. लोक दुकानात येऊन आजारी माणसाबद्दल सांगावं तसं हळू आवाजात सांगायचे, "सेठजी, पऱ्हाटीवर लय रोग पडला. काई जालीम औषध द्या." बाबा त्यांनी आणलेली कपाशीची पानं उलटीपालटी करून बघायचे, चार प्रश्न विचारायचे, मग गोणीकडे बोट करायचे. तेवढ्यापुरते ते गावचे डॉक्टरच असायचे आणि त्यांना ते आवडायचं, हे मी सांगायला हरकत नाही.

हेच बाबा पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पीत. सूर्य मावळला की घोटभर पाणीसुद्धा नाही. चालताना मुंग्यांची रांग दिसली की उचललेलं पाऊल तसंच धरून उभे राहायचे, आणि मागून येणारी आई त्यांच्या पाठीवर आदळायची. हे कसं जमतं, असं मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं. ते जराही रागावले नाहीत.

"आपन मारत नाई सुलू. आपन रोग बरा करतो. डॉक्टरनं गोयी देली त तो काय खून करते?"

"गोळीनं जंतू मरतात ना बाबा."

"थे जंतू डोयाले दिसत नाईत," बाबा म्हणाले, आणि वर आपणच हसले. त्या हसण्यात एक बारीकशी अडचण होती. शब्दानं त्यांना सांभाळून घेतलं होतं. रोग आणि औषध यांच्यामध्ये कुठे जीव असतो, हे त्या दोन शब्दांत दिसतच नाही. क्रियापद मात्र खरं बोलायचं. औषध पिकाला कुणी देत नाही, औषध मारतात. पण क्रियापदाकडे लक्ष कोण देतं?

डोहाच्या काठावर द्वारकामावशीचा मळा होता. माळ्याची बाई, नवरा लवकर गेलेला, वांगी आणि मिरच्या लावून दर बाजाराला टोपली घेऊन यायची. बाबांच्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक, म्हणून मला लहानपणापासून ओळखायची. मी पहिल्या दिवशी काठावर वाकून चिमट्यानं काहीतरी उचलून बाटलीत घालते आहे हे बघून ती विळा टाकून धावत आली.

"कावो सुलू, काय गोया करून राह्यली?"

मी सांगितलं.

ती आधी माझ्याकडे, मग बाटलीकडे बघत राहिली. "पानमांजराचं हागनं? अन् हे कराले सेठजीनं तुले अकोल्याले पाठोलं?" आणि मग इतकी हसली की बांधावर बसलीच. त्या हंगामात ती रोज एकदा तरी त्या बाटलीवरून हसायची. बाजारात सगळ्यांना सांगून मोकळीही झाली. माझ्या लग्नाच्या बोलण्यांवर त्याचा काय परिणाम झाला असेल तो झाला.

पण पाणमांजरं तिनंच मला दाखवली. मी दोन दिवस डोहाकडे टक लावून बसले आणि मला बगळ्यांपलीकडे काही दिसलं नाही. ती म्हणाली, डोळे नको लावू, कान लाव. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावरून शीळ आली. बारीक, उतरती. मग दुसरी. मग डोहाच्या मध्यावर एक चपटं डोकं वर आलं, त्यामागे तीन लहान. आईच्या तोंडात मासा होता. तिनं तो पिल्लांपुढे सोडला, आणि अर्धमेला मासा पळाला की पिल्लं एकमेकांना धडकायची, आणि ती पुन्हा तोच मासा पकडून आणायची. चिडायची नाही. मी पुढे पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. तेवढा धीर मला एकाही वर्गात धरता आला नाही.

"पाय, लेकराईले शिकवून राह्यली," द्वारकामावशी कुजबुजली. तिला मूल नव्हतं. ती रोज ह्या वेळेला पाणी द्यायचं निमित्त काढून काठाला यायची, हे मला नंतर कळलं.

हस्ताचा पाऊस आला आणि एका रात्रीत काठ धुऊन गेला. खडकावर साठलेली विष्ठा, माझ्या निशाण्या लावलेल्या जागा, सगळं गेलं. बाटलीत जेमतेम बोटभर नमुना होता. मी बांधावर बसून रडले. हो, रडले. आज वाटतं, शेणामुतासाठी रडणारी मुलगी द्वारकामावशीनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असेल. पण ती त्या दिवशी हसली नाही. जवळ बसली आणि म्हणाली, "केस पायजेत न तुले? मंग कायले रडतं? थे पान्यातून निंगाले की त्या रेतीवर लोयतेत. आंग पुसतेत. तिथी गोनपाट टाक. खरबरीत असते. केस अडकतीन त्याच्यात."

कुठल्याही पुस्तकात नसलेली पद्धत होती ती. मी सायकल हाणत रिसोडला आले, दुकानाच्या मागच्या खोलीतून चार रिकाम्या गोण्या उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी डोहावर नेऊन तीन-तीनदा पिळून धुतल्या. पाणमांजराच्या नाकाला माणसाचा वास येऊ नये, धूळ लागू नये, त्यांचं अंग मळू नये. उन्हात वाळवून रेतीवर पसरल्या. पहिले पाच दिवस त्यांनी गोण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, नुसता वळसा घालायची. सहाव्या दिवशी सगळ्यात लहान पिल्लू गोणीवर चढलं, पाठीवर पडलं, आणि चारी पाय वर करून अंग घासू लागलं. मग बाकीची दोन. मग आई. मी आणि द्वारकामावशी मिरच्यांच्या आड पालथ्या पडलो होतो आणि मावशीनं माझा हात इतका गच्च धरला होता की तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. कुणाला न मारता, न पकडता, न घाबरवता मला माझे नमुने मिळणार होते. इतकी स्वच्छ सुखी मी त्यानंतर फार वेळा झाले नाही.

दसऱ्यानंतर केसांची पुडी घेऊन अकोल्याला गेले. त्या वेळची तपासणी अशी: केस धुऊन त्यातला अंश काढायचा, काचेच्या पट्टीवर पांढरा लेप असतो त्यावर त्याचा थेंब ठेवायचा, तो द्रावणाबरोबर वर चढतो, मग त्यावर रसायन फवारून पट्टी उजेडात धरायची. औषध असेल तिथे काळा डाग उमटतो. माझ्या पट्टीवर डाग उमटला तो पुसट वगैरे नव्हता. काजळाचं बोट लावावं तसा होता. शेजारी ताडून बघायला ठेवलेला, दुकानातल्या पावडरीचा थेंब होता. दोन्ही डाग एका उंचीवर, म्हणजे औषध एकच.

ती पट्टी काळ्या कागदात गुंडाळून मी एस.टी.नं घरी आणली. कशासाठी आणली? अजून नीट सांगता येत नाही. थोडा विजय होता, खोटं कशाला बोलू. जिवंत जनावराच्या केसांत सापडलं, मारावं लागलं नाही, सरांना तोंडावर दाखवता येईल. आणि थोडी शिक्षाही होती, बाबांना द्यायची. बाविसाव्या वर्षी ह्या दोन गोष्टी एका कागदात गुंडाळता येतात.

बाबा गिऱ्हाईक नसताना गादीवर बसले होते. मी पट्टी पुढे ठेवली आणि डाग दाखवला. "हे आपल्या दुकानातलं. हे पाणमांजराच्या अंगातलं. त्याच्या पिल्लांच्याही."

बाबांनी पट्टी उजेडात धरली, पुन्हा धरली. मला वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी विचारलं, "लहान लहान हायेत थे?"

"तीन आहेत. शिकताहेत अजून."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पावडर विकणं बंद केलं. मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि येणाऱ्याला 'नाई' म्हणू लागले. कपाशीचा ऐन हंगाम. लोक शेजारच्या दुकानात जायचे, तिथून घ्यायचे. आई काही बोलायची नाही, पण चुलीवरची भांडी जोरात उतरवायची. बाबांचं जेवण कमी झालं. रात्री नव्हे, भर दुपारी ते बाजेवर डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे. मला आतून फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही वाटत होतं. वडिलांना आपण हरवलं, हे कळायला एक दिवस लागतो. त्यानंतर नको वाटायला लागतं.

आठ दिवसांनी मी सरांकडे गेले. सरांनी पट्टीचं चित्र पाहिलं, माझं कौतुक केलं, खरंच केलं. मग सहज म्हणाले, "नुसत्या गोणपाटाची पट्टी केलीस ना? कोरी? केस नसलेला तुकडा?"

केली नव्हती.

"कर. उगाच कुणी विचारायला नको."

मी उरलेल्या गोणीच्या कडेचा, एकही केस न लागलेला तुकडा तपासला. पट्टी उजेडात धरली आणि डाग उमटला. तोच. त्याच उंचीवर, तितकाच काळा. मी खुर्ची ओढून बसले. गोण्या बाबांच्या दुकानातल्या होत्या. दुकानात रिकामी गोणी कशाची असते हे बी-बियाण्यांच्या दुकानदाराच्या पोरीनं विसरावं! बियाण्याच्याही असतात, खताच्याही असतात. मी उचलल्या त्या पावडरीच्या होत्या. लहानपणापासून त्या गोण्यांवर बसून मी अभ्यास केला होता. त्या माझ्यासाठी घरच्या वस्तू होत्या, आणि घरच्या वस्तूला कुणी विष समजत नाही. पाणमांजरांच्या अंगात काय होतं ते मला अजिबात कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते त्यांच्या अंगाला मी काय लावलं.

(नंतर आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे टाकून पुन्हा केस जमवले. त्यात पुसट डाग आला, पण आला. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली, आणि लग्न काही जमलं नाही. हे कंसात पुरे आहे.)

एस.टी.त बसून रिसोडला येताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता: बाबांना सांगायचं का? न सांगितलं तर पावडर बंद राहील. डोह वाचेल, थोडा तरी. सांगितलं तर त्यांची सुटका होईल. ते मोकळा श्वास घेतील, कुलूप काढतील, पुन्हा गावचे डॉक्टर होतील. वाटेतलं मालेगाव, आमच्याकडचं, येईपर्यंत मी न सांगायचं ठरवलं. रिसोडचं स्टँड दिसलं तेव्हा बाबांचे दुपारचे उघडे डोळे आठवले आणि ते ठरवणं टिकलं नाही.

बाबा दुकानात एकटेच होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "बाबा, तो डाग गोणीचा होता. पाणमांजराचा नव्हता. मी आपल्या पावडरीच्या रिकाम्या गोण्या नेल्या होत्या. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता चेहरा उजळेल. बाबा बोटांनी गादीची शिवण चाचपत राहिले.

"रिकाम्या होत्या न?"

"हो."

"धुतल्या होत्या?"

"तीनदा."

"म्हंजे धुतलेल्या रिकाम्या गोनीत एवढं राह्यते," बाबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कुठी धुतल्या, सुलू?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. अकोल्यापासून रिसोडपर्यंत, सगळ्या रस्ताभर, नाही.

"डोहात," मी म्हटलं.

बाबा उठून जवळ आले. मी रडायला लागले होते, त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. त्यांच्या सदऱ्याला त्या पावडरीचा वास होता. तो नेहमीच असायचा, मला आजवर तो बाबांचाच वास वाटत होता. "तूबी औषधच समजत होती, मीबी औषधच समजत होतो," ते म्हणाले. "जहर म्हनलं असतं त पैल्या दिवशीच हात धुतले असते आपन."

आम्ही तसे उभे असताना द्वारकामावशी पायरीवर आली. रिकामी टोपली, घामेजलेली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "सेठजी, वांग्यावर लय रोग पडला. शेंडे मान टाकून राह्यले. थोडं औषध द्या."

"औषध नाई," बाबा म्हणाले. "जहर हाय. पान्यात उतरते. तुह्या पानमांजराईच्या अंगाले लागते."

मावशी टोपली खाली ठेवून उभी राहिली. तिला ते खोटं वाटलं नाही. बाबांवर तिचा तेवढा विश्वास होता. मग विचारलं, "मंग वांग्याले काय देऊ?"

वीस वर्षं त्या गादीवर बसून बाबांनी प्रत्येकाला काही ना काही दिलं होतं. त्यांनी मांडणीवरच्या डब्यांकडे पाहिलं, कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग टोपी घातली, दुकानाच्या फळ्या लावायला सुरुवात केली. "चाल," ते म्हणाले. "येचून काढू."

"काय?"

"कीड. हातानं."

पांढरंस्वच्छ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बाबा वांग्याच्या ओळीत बसले. मान टाकलेला शेंडा दिसला की तो नखानं अलगद खुडायचे, आतली अळी चिरडू नये म्हणून, आणि मावशीच्या टोपलीत ठेवायचे. टोपली भरली की स्वतः उचलून पार पलीकडच्या पडीक रानात, बाभळीखाली रिकामी करून यायचे. मावशी दोनदा म्हणाली, "सेठजी, फेकून द्या न तिथीच, कायले चालता एवढं?" बाबा ऐकत नव्हते. मी दुसऱ्या बाजूनं वेचत होते. डोहावरून शीळ आली तेव्हा आम्ही तिघंही थांबलो, आणि पुन्हा कामाला लागलो.

सूर्य कलला तसे बाबा उठले, कारण त्यांना दिवस असेतो घरी पोचून जेवायचं होतं. अडीच ओळी झाल्या होत्या. मळ्यात एकोणचाळीस होत्या.